सतरा नंबरचा नमुना

प्रिय ताई,

"तुमच्यामुळेच माझ्या पोरीचा कान बरा होत नाही," म्हणत तू पाळणाघरवाल्या काकूंना सगळ्यांसमोर फैलावर घेतलंस, तेव्हा मी शेजारीच उभी होते.

आमच्या लॅबने त्या पाळणाघरातल्या मुलांच्या नाकातले नमुने घेतले. काकूंचाही घेतला आणि नियमाप्रमाणे आम्हा घेणाऱ्यांचेही. सतरा नंबरमधले, कान बिघडवणारे जंतू तीन अँटिबायोटिक्सना दाद देत नाहीत. तो नमुना तुझ्या चिमीचा. घेताना तिने माझं बोट चावलं होतं. काकूंच्या नाकात ते जंतू नाहीत. माझ्या नाकात आहेत. जनुकं जुळवून पाहिली, तंतोतंत तेच.

तू कामावर असताना चिमीला ताप आला की मी फ्रीजमधलं उरलेलं अँटिबायोटिक द्यायचे. ताप उतरला की बंद; अशा अर्धवट औषधानेच जंतू निर्ढावतात. बाटली पुढच्या वेळेला, कधी मलाही. आणि दिवसभर हेच जंतू तपासणारी मी!

नमुना कुणाचा ते बाहेर सांगायचं नाही, असा आमचा नियम आहे, म्हणून हे पत्र पाठवत नाही.

पण ताई, तो नियम मुलांची नावं झाकण्यासाठी आहे. माझं नाव सांगायला मला कुणीच अडवलेलं नाही.

तुझीच,
धाकटी