बिल्लूरचा रेशमी रुमाल

मी उस्ता मुर्सल, ओर्दुबादचा टोपीवाला, शेर लिहिताना ‘किर्पी’, म्हणजे अंगभर काटे असलेला तो इवला जीव. छाती घरघरते, पण डोकं ठिकाणावर आहे. कोणाच्या दडपणाखाली न येता लिहून ठेवतो, की—

घर आणि मागची तुतीची झाडं माझी बायको बिल्लूर हिची. त्यावर कोणी हक्क सांगू नये.

कात्री, सुया, टोप्यांचे लाकडी साचे धाकटा भाऊ कुर्बान याला. काळ्या कोकराच्या कातड्याची उत्तम टोपीही त्यालाच. परवा उशाशी बसून म्हणाला, “दादा, मुल्लाची माफी माग ना. दोन शब्दांनी तुझं काय झिजतंय?” बाळा, टोपी देतो, तिच्याखालची मान ताठ तुलाच ठेवावी लागेल.

माझे शेर चहाखान्यात बसणाऱ्या सगळ्यांचे. मुल्ला नजफकुली म्हणतात, ते मागे घे, नाहीतर तुझ्या मयतावर नमाज नाही आणि कबरस्तानात जागा नाही. त्यांना झोंबला तो हा:

गरिबाघरी मेलं कोणी, मुल्ला आला धावून;
मेल्याचं नाव विचारण्याआधी पुलाव घेतला चाखून.

यात नाव कोणाचंच नाही. चोराच्या मनात चांदणं, त्याला मी काय करू? शेर मागे घेत नाही. माझ्यामागे पुलाव शिजवू नये. हलवा करावा, तोही शेजारच्या पोरांना वाटावा.

गेल्या वर्षी याच शेरापायी मुल्लांची माणसं काठ्या घेऊन मला मारायला चहाखान्यासमोरच्या चिनाराखाली आली होती. बिल्लूरने डोक्यावरचा रेशमी रुमाल काढून मध्ये टाकला. बाईचा रुमाल आपल्यात कोणी ओलांडत नाही. त्यांच्यातल्या असद कसायाने काठी खाली टाकली. “वहिनी, उचला तो. आम्हाला लाजवू नका.”

“आधी तुम्ही घरी जा, भावजी. मग उचलते.”

तो रुमाल तिचाच आहे, मी कोण देणार? एवढंच मागतो: मुल्ला कबरस्तानाच्या दारात आडवे उभे राहिले, तर तिने तो त्यांच्या पायाशी टाकावा. बायका मयतासोबत जात नाहीत, हे मला शिकवू नये. ते मागे सरले की तिनेच उचलावा आणि मला आत न्यावं. नमाज असद पढवील. त्याने कबूल केलं आहे.

आणि मुल्लांनी रुमाल ओलांडलाच, तर त्यावरचा शेर मी आजच करून ठेवला आहे.

सही: उस्ता मुर्सल ‘किर्पी’
ओर्दुबाद, शरद ऋतू, १९११

साक्षीदार: कुर्बान, भाऊ. (टोपी घेतली. दादा, दारात मीही उभा राहीन.)
साक्षीदार: असद कसाई. (लिहिता येत नाही, अंगठा दिला. रुमालाचा शेर पाठ आहे.)