मक्केसाठी दूध संस्थेचा ठराव

नळदुर्ग,
डिसेंबर १९७९

तीर्थरूप दाजींना अंबादासचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत, आणि हे वाक्य या वेळी रिवाज म्हणून नव्हे, खरोखर हायसं वाटून लिहितोय. तुमचा गुडघा कसा आहे? सुमनताईला सांगा, विहीर तळाला गेली असली तरी माणसं तरून आहेत, आणि खैरूनबी सुखरूप आहे. (ताईचं पहिलं बाळंतपण तिनंच केलं, म्हणून हे आधी लिहिलं.)

तर झालं असं. आमची ही सुईण यंदा हजला गेली. हज उरकला, परतीच्या बोटीची वाट पाहणं चालू होतं, तोच दूध संस्थेच्या रेडिओवर बातमी आली की बंदूकधारी धर्मवेड्यांनी मक्केची मोठी मशीद ताब्यात घेतलीय आणि यात्रेकरू आत अडकलेत. त्याच दिवशी संस्थेची सभा होती. विषय कडबा आणि पेंड. पण आमच्या सभेला (तुम्ही पाहिलीच आहे) समोरचा विषय कधी पुरत नाही. चेअरमन व्यंकटतात्यांचं म्हणणं, या लोकांशी बोलणी करावीत, चहा पाजून बसवावं, बसला की माणूस निम्मा निवळतो. (बांधाची भांडणं ते अशीच मिटवतात.) मला हे सहन होईना. दहशत घालणाऱ्याशी बोलत बसलं की उद्या दुसरा बंदूक घेऊन उभा राहतो, लष्करच घुसवा, असं मी इतक्या तावातावानं मांडलं की बाहेरच्या म्हशी बिथरल्या. निवृत्त हवालदार मच्छिंद्रनं मिशीला पीळ देत अनुमोदन दिलं. ठराव मंजूर झाला, मक्केत ताबडतोब तोफा लावाव्यात. सहकारात सूचक आणि अनुमोदक मिळाले की जगातलं काहीही मंजूर होतं.

मच्छिंद्र धार काढायला घरी गेला आणि खैरूनबीचा मुलगा महबूब दूध घालायला आला. त्याला कोणीतरी ठराव सांगितला. त्यानं कॅन खाली ठेवला. म्हणाला, "अल्लाच्या घरात बंदूक नेणाऱ्याची मला कीव न्हाय. पण तोफ लावली अन् अम्मा आतच असली तर?"

मी पायाळू, मला ओढून या जगात आणणारी तीच. ठराव मागं घेतो, मी म्हणालो. तर ज्यांना पहिल्यापासून बोलणीच हवी होती ते तात्याच नियमावर बोट ठेवून म्हणाले, "अनुमोदकाच्या संमतीबिगर मागं घेता येत न्हाय." आमच्या ठरावाला मक्केत कोण विचारतंय, हे मलाही कळत होतं. तरी पळालो, दाजी. मला उशीर झाला तर तोफा सुटणारच असल्यासारखा पळालो. वाटेत जनावरांच्या हौदात पडलो (पाणी नव्हतं, त्यामुळं जास्त लागलं). मच्छिंद्रला नीट समजावून सांगितलं, त्यानं संमती दिली, ठराव रद्द झाला.

पुढचे दिवस रेडिओला कान लावून काढले. तिकडं अखेर लष्करच घालावं लागलं आणि माणसं फार मेली. माझं बरोबर होतं की तात्यांचं, हे आता मला छातीठोक सांगता येत नाही. परवा तार आली. आमची मंडळी गडबडीच्या आधीच मदिनेला गेली होती, सगळी सुखरूप आहेत. महबूब रडला, मीही रडलो, आणि तात्यांनी चहा सांगितला.

ताईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
अंबादास

ता. क. बोट मुंबईला लागेल तेव्हा धक्क्यावर जाऊन खैरूनबीला उतरवून घ्या.

आणखी ता. क. मच्छिंद्रला समजावलं असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. शिपाई पाऊल मागं घेत नसतो, म्हणाला. तेव्हा बोलणी सुरू व्हावीत म्हणून मी त्याची गचांडी धरली आणि दोन ठेवून दिल्या. त्यानं माझा एक दात पाडला. मग मी सांगितलं की आत खैरूनबी असेल, तर गडी मटकन खालीच बसला. (हे आधी सांगितलं असतं तर दात वाचला असता.) पण तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही, संस्थेला दूध घालत नाही, आणि तात्यांचा चहा आमच्या दोघांपुढं गार होतोय. त्यालाही तिनंच जगात आणलंय, तो ऐकेल तर तिचंच ऐकेल. म्हणून तिला राणीचा बाग वगैरे काही दाखवत बसू नका, सरळ सोलापूरच्या गाडीत बसवा. पुढं नळदुर्गच्या स्टँडवर तिला घ्यायला आम्ही दोघंही येणार आहोत, वेगवेगळे.