वाटीत उरलेलं लोणी

ताडकळस, पोळ्याचा आदला दिवस

डॉक्टर म्हणाले, यांचं लिव्हर गेलंय, त्यानं हृदयही थकलंय. बसल्या जागी ठीक चालतं, श्रम पडले की कमी पडतं. हे हसले, "म्हंजी दावणीला धड, जुपलं की बसायलंय."

आज खांदमळणी. नको म्हटलं तरी ऐकलं का? बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळतानाच धाप लागली, ओट्यावर टेकले. मग बैलाला आवतन मीच दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

वाटीत लोणी उरलं होतं. यांच्याच खांद्याला चोळलं. किती वाळलेत खांदे! पोट तेवढं फुगलेलं.

"मला बी आवतन दे की."

"आज आवतन घ्या," म्हटलं. पुढचं तोंडातून निघेना. लोण्याची वाटी नुसती पुसत राहिले.

शेवटी हेच म्हणाले, "येतो."