हाकेच्या आधीचा श्वास

२९ जून, रविवार

कुलदीपने ट्रॅक ऐकला. म्हणाला, “मॅडम, हे गाणं नाही, भांडण आहे. दगड कानात घुसते अन् बाकी सगळं तळाशी. आता कम्प्रेसर शिका.”

कुलदीप रामाकोन्याचा. सौंसरच्या कॉलेजात मी त्याला मराठी शिकवलं. आता तो नागपूरला स्टुडिओत असतो आणि मला फोनवरून आवाज शिकवतो.

ट्रॅकमधले दगडांचे आवाज गेल्या वर्षीच्या गोटमारीतले आहेत. पोळ्याचा दुसरा दिवस. जाम नदीच्या या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव. मधे, नदीत, पळस रोवलेला, पळसावर झेंडा; तो कोणी काढून नेईपर्यंत दोन्ही काठांचा एकमेकांवर दगडांचा मारा. मी काठावरच्या एका गच्चीवरून रेकॉर्ड केलं. एक तास बावन्न मिनिटं. त्यातली पहिली चाळीसच मिनिटं वापरते आहे.

पुढचं उघडलेलं नाही. पुढे गजू आहे.

२ जुलै, बुधवार

कम्प्रेसर असा: एक रेघ ठरवायची. आवाज रेघेच्या वर गेला की त्याला दाबायचं. मग सगळंच्या सगळं वर उचलायचं. जे मोठं होतं ते आवरलं जातं, जे बारीक होतं ते वर येतं.

वाचताना सोपं वाटलं.

६ जुलै, रविवार

सकाळभर बसले. रेघ फार खाली ठेवली, दाब फार दिला. दगड, पोलिसांचा भोंगा, पलीकडच्या काठावरचा फुटाणेवाला – सगळे एका रांगेत येऊन उभे राहिले. जवळचं आणि दूरचं यात फरकच उरला नाही. मला ते आवडलं. कुलदीपला पाठवलं.

“सगळ्याइचा गळा दाबला तुम्ही मॅडम. लग्नातला भोंगा झाला हा.”

आई दारात आली. हेडफोन काढून स्पीकरवर लावलं होतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

“बंद कर ते.”

बंद केलं.

गजूचा, माझ्या भावाचा, डावा डोळा त्या दिवशी गेला. दगड कोणाचा, हे गोटमारीत विचारत नाहीत. ज्याला लागतो तोही विचारत नाही. दवाखान्यात पोलीस आला तेव्हा आई म्हणाली, “खेळ होता.” त्याने तेवढंच लिहिलं आणि वही मिटली.

१३ जुलै, रविवार

हेडफोनची वायर तुटली. गजूकडे नेली. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान अजून आहे, पण आता तो कव्हरं आणि चार्जर विकतो. मी नको म्हणत होते. “दे इकडं. एमए झाली, वायर नाही जोडता येत.”

सोल्डरचं टोक तीनदा तारेच्या बाजूला टेकलं. तारेवर नाही – बाजूला. चौथ्यांदा त्याने डाव्या बोटाने तार चाचपली आणि बोट तिथेच ठेवून टोक आणलं. बोट भाजलं असणार.

वायर झाली. ती देताना म्हणाला, “त्या दिवसाचं पूर्ण आहे काय तुह्याजवळ?”

आहे, म्हटलं.

“त्यात एक हाक असन. मले कोनीतरी हाक मारली होती. नावानं. म्हणून म्या मान फिरवली.”

दहा महिन्यांत हे तो कधी बोलला नव्हता.

“दगड खेळातला हाय ताई. हाक खेळातली नाही. नदीत उतरलेल्या माणसाले कोनी नावानं हाक मारत नाही. लेकराले बी माहीत हाय हे.” मग म्हणाला, “काढून देशील? कोणाची ते?”

त्याने माझ्याकडे पूर्ण चेहरा वळवून विचारलं. एरवी तो चेहरा अर्धा ठेवतो.

२० जुलै, रविवार

उघडलं.

एक तास चौदा मिनिटांवर तो कोसळतो. तिथे लोकांचा आवाज बदलतो, त्यावरून कळतं. त्याआधीचे दहा सेकंद मी कापून वेगळे घेतले. नुसते ऐकले तर काहीच नाही – दगड आणि लोक. मग कम्प्रेसर लावला. आता तो थोडा हाताला बसला आहे. अटॅक म्हणजे दगडाला किती लवकर धरायचं, रिलीज म्हणजे धरल्यावर किती वेळाने सोडायचं. अटॅक लवकर ठेवला, म्हणजे दगडाचं डोकं ठेचलं जातं. रिलीज सावकाश ठेवला. मग उचललं.

एक दगड जोरात पडतो. त्याच्यामागून, विहिरीतून यावं तसं – “…जू.”

हाकेचं शेपूट फक्त. बाई की माणूस, कळत नाही. जवळून की लांबून, कळत नाही. पण हाक आहे.

अंगावर काटा आला. आणि खरं लिहायचं तर आनंदही झाला. एवढ्या गर्दीतून मी ती बाहेर काढली.

गजूला ऐकवलं. त्याने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले. पाच वेळा ऐकलं. मग विचारलं, “कोणाची?”

मी म्हटलं, प्रफुल्लची असेल.

“प्रफुल्लची?”

समोरच्या काठावर तोच होता, मी म्हटलं. आणि तुमचं बोलणं बंद होतं.

“हो,” गजू म्हणाला. “बंद होतं.” हेडफोन काढून त्याने वायर नीट गुंडाळली. जोडलेली जागा आत येईल अशी.

२१ जुलै, सोमवार

प्रफुल्लचं नाव मी का घेतलं?

२२ जुलै, मंगळवार

प्रफुल्ल सावरगावचा. पहिलीपासून गजूबरोबर. गोटमारीच्या दिवशी दोघं समोरासमोर आणि संध्याकाळी एकमेकांच्या घरी जखमांसाठी हळद घेऊन – असं बारा वर्षं चाललं. गेल्या वर्षी पोळ्याआधी मोटारसायकलीवरून दोघांची तणतण झाली. क्षुल्लक. त्या संध्याकाळी प्रफुल्ल आला नाही. नंतर आला तेव्हा गजू नागपूरला दवाखान्यात होता. मग येणं राहून गेलं.

एवढ्यावरून मी नाव घेतलं. बसमध्ये सौंसरपर्यंत हेच मोजत होते. एवढ्यावरून.

३ ऑगस्ट, रविवार

गजू जेवताना म्हणाला, यंदा उतरणार.

आईच्या हातातली पळी तशीच राहिली. “एका डोळ्यानं?”

“दगड एकच डोळा पाहून येते काय?”

“गजू, मस्करी नको करू.”

“नाही करून राहिलो.”

मी ताटाकडे पाहत होते. तो माझ्याकडे पाहत होता, हे न पाहताही कळत होतं.

११ ऑगस्ट, सोमवार

बसमध्ये प्रफुल्ल. तो बोरगावच्या कारखान्यात जातो, हे मला माहीत होतं. तो नेहमी मागे बसतो आणि मी पुढे. आज माझ्या शेजारी येऊन बसला.

“ताई, एक विचारू? तुम्ही म्हणे मशीनवर आयकलं. माहा आवाज होता म्हणते.”

कोण म्हणालं?

“गजू. दुकानावर गेलो होतो म्या. म्हणे, ताईनं तुह्यं नाव घेतलं. बस. अजून काई बोललाच नाही.” त्याच्या मांडीवर डबा होता. डब्याचं झाकण तो अंगठ्याने उघडत-बंद करत होता. “म्या तं त्याले पाह्यलंबी नव्हतं. बाजूच्याच्या डोक्याले लागलं होतं, त्याले उचलून राहिलो होतो. तुम्ही पुन्हा एकडाव आयका न ताई. तुम्हाले समजते त्यातलं.”

मी म्हटलं, आवाज स्पष्ट नाही.

“मंग नाव कसं स्पष्ट निंगालं?”

तो रागाने बोलला नाही. बोरगाव आलं. उतरताना म्हणाला, “यंदा तो उतरून राहिला म्हणते. म्याबी उतरीन. नाही उतरलो तं लोक म्हणतील, याच्या मनात हाय काहीतरी.”

१२ ऑगस्ट, मंगळवार

कॉलेजात दोन तास घेतले. काय शिकवलं, आठवत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

ट्रॅक पुरा झाला असं कुलदीपला वाटतं. दगडांखाली किक ड्रम आला आहे. दगड पडला की बाकीचे सूर वाकतात आणि मग हळूहळू उभे राहतात. मला जे हवं होतं ते सगळं त्यात आहे.

आणि दर चौथ्या फेरीला – “…जू”. ती मी कधी घातली? गजूसाठी कापलेला तुकडा त्याच फाइलमध्ये राहिला होता. मी तो काढला नाही, एवढं खरं.

“लय भारी हाय मॅडम ती हाक. पाठीतून जाते. पण अर्धीच कावून?”

अर्धीच निघाली, म्हटलं.

“तुम्ही रिलीज लय सावकाश ठेवला असन. दगड पडून गेला तरी तुमचा कम्प्रेसर दाबूनच बसला. त्यात हाकेचं तोंड गेलं. लवकर सोडा. मागचं-पुढचं सगळं वर येते का नाही पाहा. आहे न त्यात. गेलं नाही कुठं.”

हो, म्हटलं. करते.

केलं नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

आज केलं. दुपारी, कॉलेजातून आल्यावर. आई शेजारी गेली होती.

रिलीज पन्नास मिलिसेकंदांवर आणला. दगड पडला, आणि कम्प्रेसरने लगेच सोडलं. त्या सोडलेल्या जागेत आधी हाक नाही आली. आधी श्वास आला.

आत ओढलेला, मोठा. माणूस जोरात ओरडण्याआधी घेतो तसा. मग “गजू”. पूर्ण.

मी बटन दाबून थांबवलं. भिंतीवरच्या पालीकडे पाहत बसले. मग पुन्हा लावलं.

हाक लांबून येते. श्वास लांबून येत नाही. दोन काठांमधून, हजारो लोकांमधून, सावरगावच्या कोणाचा श्वास माझ्या रेकॉर्डरपर्यंत येऊ शकत नाही. हातभर अंतरावरचाच येतो. गच्चीवर त्या वेळी मी एकटी होते. घरवाल्यांनी बाकीच्यांना खाली ठेवलं होतं, वरपर्यंत दगड येत होते म्हणून.

कम्प्रेसर बंद करून ऐकलं. आता कुठे ऐकायचं ते माहीत होतं. तेव्हा नुसत्या आवाजातही ती होती – माइक नदीकडे रोखलेला म्हणून मोठी नाही, दगडाखाली दबलेली, पण अगदी जवळ. दाबून-उचलून मी तिचं अंतर पुसून टाकलं होतं आणि मग ती कुठून आली ते सांगत सुटले होते.

मला हाक मारल्याचं आठवत नाही. आठवतं ते असं: गजू पळसाच्या बुंध्याशी पोचला होता. त्याला पाहिलं. मनात त्याचं नाव आलं. कानांवर हेडफोन होते, आणि हेडफोनमध्ये नदी. त्यात स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. किती जोरात बोलतो आहोत ते कळत नाही. बोलतो आहोत हेही.

अजून एक. डोळा डावा गेला. गजू सावरगावकडे तोंड करून होता. तिकडून हाक आली असती तर तो तिकडेच पाहत राहिला असता आणि दगड त्याला समोरून दिसला असता. त्याने मान उजवीकडून मागे फिरवली. आपल्या काठाकडे. गच्चीकडे.

हे कळायला कम्प्रेसर लागत नव्हता.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सांगितलं नाही. दुकानात गिऱ्हाईक होतं. मग नव्हतं. तरी नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

सकाळपासून नदीकाठी ट्रॅक्टर दगड टाकत आहेत. घरात ऐकू येतं. एक ट्रॉली उपडी झाली की बराच वेळ काही नाही, मग दुसरी. आईने मातीच्या बैलांची पूजा केली. नैवेद्याची पुरणपोळी गजूने तव्यावरूनच उचलली. आईने त्याच्या हातावर मारलं. नेहमीसारखं.

तो निघाला तेव्हा मी दारापर्यंत गेले. आज तो खेळणाऱ्या पोरांबरोबर राहणार, घरी येणार नाही.

मी म्हटलं, प्रफुल्लला काही करू नको.

तो चपला घालत होता. “काय करीन म्या त्याले?”

त्याला मारू नको.

“एका डोळ्यानं अंतर समजत नाही ताई. लांबून काईच जमत नाही आता. म्हणून जवळ जावं लागन.” तो उभा राहिला. “अजून काई सांगायचं हाय?”

इथे सांगायचं होतं. तो थांबला होता. चांगला थांबला होता. आई आतून म्हणाली, डबा राहिला, आणि मी डबा आणायला गेले.

डबा दिला. नीट जा, म्हटलं.

उद्या मी गच्चीवर नसेन. पण कुठेतरी काठावर असेन, आणि तो प्रफुल्लच्या जवळ जाताना दिसेल. त्याला थांबवायला माझ्याजवळ एकच गोष्ट असेल. ती मी एकदा वापरली आहे.

म्हणून त्याआधी. सकाळी. दगड सुरू व्हायच्या आधी.

२३ ऑगस्ट, शनिवार

सांगितलं. पुलाखाली. श्वासापासून सगळं.

गजू डोक्याला कापड बांधत होता. बाकीच्या पोरांसारखी दगडांची पिशवी त्याच्याजवळ नव्हती. बांधायचा थांबला नाही. “माहीत हाय मले,” म्हणाला. “हाक आली तं वळलो. वळलो तं तू दिसली, गच्चीवर. मंग लागला.”

मी म्हटलं, मग प्रफुल्ल?

“त्याचं नाव तू घेतलं ताई. म्या तं तुले फक्त विचारलं होतं.”