चिठ्ठीवरची मोकळी ओळ

कोर्बिनियन,

आपले बाबा गेल्यावर त्यांची नाणी विकताना तू प्रत्येक नाण्याखालची, एकेका मालकाचं नाव लिहिलेली चिठ्ठी काढून फेकलीस. "हा कचरा कोण मागतंय?" म्हणालास. मी तो कचरा गुपचूप उचलून ठेवला.

काल म्युनिकच्या लिलावात त्यांचं घुबडाची छाप असलेलं अथेन्सचं प्राचीन नाणं निघालं. घुबडाच्या डोळ्यावरचा ओरखडा मी लगेच ओळखला. आधीचा मालक कोण, याचा पुरावा नाही म्हणून बड्या व्यापाऱ्यांनी हात आखडता घेतला. शेजारचा म्हातारा म्हणाला, "बाई, याचं कूळमूळ माहीत नाही, कशाला घेता?" मी बोलीची पाटी खाली केलीच नाही.

आता घुबड आपल्या चिठ्ठीवर बसलंय. रिवाजाप्रमाणे बाबांच्या नावाखाली मी माझं नाव लिहिलं. ती ओळ त्यांनी तुझ्यासाठी मोकळी ठेवली होती.

हे पत्र पाठवणार नाही, नाण्याजवळच ठेवीन.

त्या ओळीवरची,
वाल्बुर्गा