मशीन कुणाच्या छातीला होतं

बारक्या,

आज परांचीवर चढू नकोस. मुकादमाला फोन केलाय.

माझा ईसीजी चांगला, एकोही चांगला. फक्त ते दिवसभर लावायचं मशीन म्हणतंय, ठोके भलतेच चुकताहेत. एकाच माणसाचे रिपोर्ट जुळत का नाहीत, म्हणून डॉक्टर चक्रावलेत. जुळतील कसे? काही निघालं तर क्रेनवरून काढतील या भीतीनं मशीन मी तुझ्या छातीला लावलं होतं.

सगळं कबूल करायला दवाखान्यात चाललोय. क्रेन गेलीच समज. पण तुझे ठोके का चुकतात, ते तुला तपासल्याशिवाय त्यांनाही सापडायचं नाही.

आईला इतक्यात बोलू नकोस. जिना सावकाश उतर.

मशीन काढून देताना हसत म्हणाला होतास, "घे दादा, झालं तुझं काम."

– दादा