हद्दीवरची आगटी

धरणगाव,
दि. १२ डिसेंबर १९८८

चि. भिकन यास,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल. निम्मा कापूस वेचून झाला, गाय व्याली. तुझ्या वहिनीचे गुडघे सोडले तर तक्रार कशाचीच नाही.

लिहायचं कारण, मी परसात पक्की दगडी आगटी बांधायला घेतली. दरवर्षी भरताची वांगी उघड्यावर भाजायची आणि वारा सुटला की ठिणग्यांमागे धावायचं, कंटाळलो. गुडघाभर खड्डा खणला, तळाशी मुरूम ठोकला आणि गिरणा नदीतले गुळगुळीत गोटे गोल रचले. अशी देखणी दिसत होती की वहिनीने हळदकुंकू वाहिलं. कपाशीच्या काड्या पेटवल्या मात्र, गोटे फटाफट फुटायला लागले! पोटात ओल राहिलेली. मी धोतर सावरत पळालो. शेजारची धुरपदाकाकू दारातून ओरडली, "यादव, भरीत करी राह्यना का फटाका फोडी राह्यना?" हसतोस ना? हस.

मग कोरडे दगड हवे झाले. काळे, जाड, वर्षानुवर्षं उन्हात तापलेले. असे जवळपास कुठे आहेत, तुला ठाऊक आहे.

होय, तेच. वाटणीच्या वेळी आपण दोघांनी परसाच्या मधोमध घातलेली भिंत. आगटीपुरतेच काढणार होतो, पण हात थांबेना. सगळी उतरवली. दगडांतले निम्मे तुझे आणि मी तुला विचारलं नाही. रागवायचं असेल तर इथे येऊन रागव.

दगड वाहायला नकोत म्हणून पहिला खड्डा बुजवून भिंतीच्या जागीच नवा घेतला, असं मी वहिनीला सांगितलं. ती हळदकुंकू घेऊन पुन्हा आली. आगटी आता बरोबर हद्दीवर आली आहे, निम्मी तुझ्यात, निम्मी माझ्यात. एकट्याने पेटवावी असं वाटत नाही, म्हणून अजून जाळ घातलेला नाही.

बामणोदची वांगी सांगून ठेवली आहेत. भरीत ज्यात ठेचायचं ती लाकडी बडगी वाटणीत तुझ्याकडे गेली, मुसळ माझ्याकडे राहिलं. तेव्हापासून आमच्याकडे भरीत वाटीने ठेचतात. तुझ्याकडेही तसंच असणार. काय शहाणे आपण दोघं!

भिकन, तुझी फार आठवण येते. रविवारी धुळ्याहून सकाळची एस.टी. पकड, सगळ्यांना घेऊन ये. येताना बडगी आण.

बडगी विसरलास तरी ये.

तुझा भाऊ,
यादव